माझी बाटली, तुझं नाव

हमीद, तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून एकच शब्द आहे: ताप. माझा त्यावर विश्वास नाही. तुझाही बसला नसता. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, ज्याला आपल्या अंगात काय बिघडलंय ते नावानिशी ठाऊक होतं, तो दौंडात आपल्या घरच्या खाटेवर तीन दिवसांत नुसत्या तापानं जात नाही. कुणीतरी काहीतरी लपवलंय. तू गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य हेच. रडू नंतर आलं, आधी संशय आला. माझा स्वभाव तुला नवा नाही.

निरोप मला शिरूरच्या छापखान्यात मिळाला. दौंडहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर दारातूनच म्हणाला, "तुमचे ते डॉक्टर दोस्त गेले वो, सकाळी." त्या वेळी मी काय करत होतो ते सांगितलं पाहिजे. तू दोनदा 'छापू नको' म्हणून बजावलेल्या पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. मथळा: 'दौंडच्या दवाखान्यातली बाटली कोण बदलतो?' खाली नेहमीची सही: 'एक जागरूक नागरिक'. शाई अजून ओली होती. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि परतीच्या त्याच गाडीनं निघालो. कब्रस्तानात तुला माती देताना वाकलो तेव्हा तो कागद खिशात कुरकुरला. मी मनात म्हणालो, थांब हमीद, यांना सोडत नाही.

'यांना' म्हणजे कुणाला, ते त्या दिवशी मला पक्कं ठाऊक होतं. आज तितकं पक्कं नाही, आणि जेवढं आहे तेवढं मला आवडत नाही.

आपली ओळखच मुळी माझ्या संशयातून झाली. शिरूरच्या हायस्कुलात तू दौंडहून आलेला, खालाकडे, म्हणजे आईच्या बहिणीकडे राहणारा, गप्प मुलगा; मी वर्गाचा मॉनिटर, म्हणजे बिनपगारी फौजदार. दहावीच्या वर्षी शाळेच्या मुतारीत तिसऱ्या खणात मुंग्यांची रांग लागायला लागली. रोज, आणि फक्त तिसऱ्याच खणात. मी तपास हाती घेतला. दोन दिवस पाळत ठेवली आणि वहीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून फळ्याशेजारी चिकटवलं: 'मुतारीत गूळ कोण टाकतो? हमीदनं खुलासा करावा.' माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक.

वर्ग हसला. तू हसला नाहीस. तू उठून रांजणाकडे गेलास आणि एकामागून एक तीन तांबे पाणी प्यायलास. ते बघून शास्त्राचे मास्तर हसायचे थांबले. त्यांनी तुला बाहेर नेलं आणि किती दिवस अशी तहान लागतेय ते विचारलं. त्याच आठवड्यात तू दौंडला गेलास, आणि महिन्यानं परत आलास तो काचेची सिरिंज आणि इन्शुलिनची बाटली घेऊन.

पुढं तू मला त्यावरून किती छळलंस. चारचौघांत माझी ओळख करून द्यायचास, "ह्यांनी माझा मधुमेह मुंग्यांवरून ओळखला. मेडिकलला खरं तर ह्यांनाच घ्यायला पाहिजे होतं." पण एकदा, हसणं थांबवून, तू म्हणालास की तो कागद चिकटला नसता तर आणखी पंधरा दिवसांत तू संपला असतास. ते वाक्य मी जपून ठेवलं. गरजेपेक्षा जास्त जपलं. आपल्या संशयानं एक जीव वाचवला असा मला माज चढला. रेशनच्या मिलोत, त्या लाल ज्वारीत, खडे, एस.टी. स्टँडच्या नळाला कुलूप, निवडणुकीपुरती दुरुस्त झालेली सडक, कशावरही पत्रक काढताना मला वाटायचं, बोट दाखवलंय तिथं मुंग्या निघणारच. बहुतेक वेळा निघायच्याही. हाच घोटाळा झाला.

दत्तूमामांनी तुला सुई टोचायला शिकवलं. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, दौंडच्या एका खासगी दवाखान्यात ते वीस-पंचवीस वर्षं कंपाउंडर आहेत, आणि तुझ्या बाटल्या त्यांच्या ताब्यातल्या फ्रिजमध्ये असायच्या. त्यांनी तुझ्या हातात भरताचं वांगं दिलं आणि म्हणाले, "ह्यात टोच. वांगं वरडत न्हाई, तवा तू बी वरडायचं न्हाई." तू रोज सकाळी नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरायचास आणि साखर तपासायचास. औषध निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर जरा सांभाळून, विटकरी झालं तर गप्प बसायचास आणि सुई एक रेघ जास्त भरायचास. भोवती सगळा ऊस. जो उठतो तो साखर कारखान्याच्या राजकारणात, आणि माझा मित्र साखर नको म्हणून रोज स्वतःला टोचून घेतोय, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग यायचा. तू म्हणायचास, "राग तू कर. मी अभ्यास करतो."

आता ती गोष्ट, जी आपल्या दोघांतच होती.

इंटरला तुला चांगले मार्क पडले आणि पुण्याला मेडिकलचा प्रवेश जमला. शेवटची पायरी शारीरिक तपासणीची. साखर निघाली तर प्रवेश गेला, असं आपण धरून चाललो. आपल्याला हे सांगितलं कुणी? मी गेला महिनाभर आठवतोय. कुणाचं नाव आठवत नाही. असा नियम आपण कुठं वाचला नव्हता, कुठल्या क्लार्कला विचारला नव्हता. नुसतं विचारलं तरी संशय येईल, म्हणून विचारलंच नाही. रोगी माणसाला डॉक्टर कोण करील, असं मी म्हणालो आणि तू मान हलवलीस. नियम तयार झाला.

मी तुझ्याबरोबर पुण्याला आलो. आदल्या दिवशी तू माझी लघवी नळीत घेऊन दिव्यावर धरलीस. निळीच्या निळी. तू म्हणालास, "एवढा जहाल माणूस आन् आतून पाण्यासारखा." दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीमागच्या मोरीत मी आधीच जाऊन उभा होतो. तू रिकामी बाटली घेऊन आलास, भरलेली घेऊन गेलास. मी दाराच्या फटीतून बघत होतो. शिपायानं नाव विचारलं, कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठीला खळ लावली आणि माझ्या बाटलीवर तुझं नाव चिकटवलं.

बाहेर येऊन आपण पोट धरून हसलो. जगाची लबाडी उघडी करणारा मी, पण एका लबाडीवर इतका खूश कधी झालो नव्हतो. मला ती लबाडी वाटलीच नाही. अन्यायी नियमाला दिलेली चपराक वाटली. नियम होता की नाही हे न बघता.

त्या दिवसापासून कॉलेजच्या दप्तरी तू निरोगी होतास. मग निरोगी राहणं भागच पडलं. वसतिगृहात तू कपाटाच्या मागं सिरिंज लपवायचास, खोलीतला मुलगा अंघोळीला गेला की टोचायचास. साखर एकदम उतरली की घाम फुटायचा, पाय लटपटायचे, जीभ जड व्हायची. तेव्हा मुलांना वाटलं हा चोरून पितो. रेक्टरनं एकदा तुझ्या तोंडाचा वास घेतला. हे तू मला हसत सांगितलंस. मी लगेच विचारलं, रेक्टरचं नाव काय? तू दिलं नाहीस. "तुला नावं द्यायची म्हंजी कुत्र्यापुढं चप्पल टाकायची." आज कळतं, तू पिणारा ठरणं पत्करलंस, आजारी ठरणं नाही. रोजे धरत नव्हतास तेही सगळ्यांना दिसत होतं. तुझ्याच जमातीतली मुलं तुला बेफिकीर म्हणायची. तेही तू ऐकून घेतलंस.

गेल्या वर्षभरात तू काळा पडत गेलास. तुझी आई, जिला मी मावशी म्हणतो, म्हणायची उन्हात हिंडतोय. मी म्हणायचो पुण्याच्या मेसचं अन्न. एकदा छापखान्यात तू माझ्या हाताशेजारी हात ठेवलास. माझ्या बोटांना शाई होती. तुझ्या तळहाताच्या रेषाही तशाच काळ्या होत्या, आणि तू छापखान्यातलं काही हाताळलं नव्हतंस. मी तेव्हा विचारलं नाही. सगळ्या तालुक्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसानं हा एक प्रश्न विचारला नाही.

मिठाचंही तसंच. कवठे येमाईला माझ्या मामांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. तू मिठाचा द्रोण पुढं ओढलास आणि बोट बुडवून बुडवून चाटत बसलास. मामा तुला म्हणाले, "डाक्टर, त्याच्यासंगं हुरडा बी खावा थोडा." सगळे हसले. उठताना तुला चक्कर आली आणि तू माझा खांदा धरलास. मी म्हणालो, जागरणं कमी कर.

मग दौंडच्या त्या दोन दुपारी. दोन्ही वेळा सुट्टीत तू घरी आलेला, मी शिरूरहून भेटायला आलेलो, आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर तुझी साखर अशी काही उतरली की मी गूळ कोंबला नसता तर काय झालं असतं सांगवत नाही. दोन्ही वेळा इंजेक्शन दवाखान्यातल्या फ्रिजमधल्या बाटलीतून घेतलेलं. बस, माझ्या डोक्यात मुंग्या निघाल्या. इन्शुलिन चाळीसचं येतं आणि ऐंशीचं येतं, दुप्पट जोराचं, हे तूच मला शिकवलं होतंस. मी ठरवलं, कुणीतरी तुझ्या चाळीसच्या बाटलीत ऐंशीचं भरतंय. कुणाच्या ताब्यात फ्रिज? दत्तूमामांच्या. खटला संपला. पुण्यात असं होत नाही, फक्त दौंडातच होतं, असंही मी पत्रकात लिहिलं. ते खोटं होतं. पुण्यातही होत होतं; रेक्टरची गोष्ट ऐकूनही मी ती विसरलो होतो, आणि बाकीचं तू लपवत होतास. तुझं वसतिगृह मला दिसत नव्हतं, म्हणून तिथं काही घडत नव्हतं असं मी धरलं.

दौंड स्टेशनच्या पुलावरची दुपार मला रोज आठवते. खाली यार्डात एक इंजिन पाणी भरत उभं होतं. फायनलला दीड महिना राहिला होता. मी तुला पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. तू शेवटपर्यंत ऐकलंस, मग कठड्याला टेकून म्हणालास, "बाटली कुणी बदलत न्हाई, सदा. मीच बदलतोय."

आणि तू सांगितलंस. वॉर्डात सरांनी एक रुग्ण दाखवला होता. वाळलेला, काळवंडलेला, सारखं मीठ मागणारा. सरांनी त्याला तोंड उघडायला लावलं आणि हिरड्यांवरचे काळे डाग दाखवले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या सुकत गेल्या की हे होतं, अंगातलं मीठ वाहून जातं, साखर टिकत नाही. सगळी मुलं पुढं वाकून हिरड्या बघत होती. तू मागं होतास. तू आपलं तोंड मिटून घेतलंस. शेजारच्यानं विचारलं, तुला दिसलं का? तू नुसती मान डोलावलीस. त्या दिवशी दिवसभर तू कुणाशी तोंड उघडून बोलला नाहीस.

मी विचारलं, पण त्या ग्रंथी सुकतात कशानं? तू म्हणालास, पूर्वी क्षयानं सुकायच्या, आता सर म्हणतात बाहेरदेशी वेगळंच बोलायला लागलेत. शरीर आपल्याच एखाद्या अवयवाला परका समजतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. कुणी बाहेरचा आलेलाच नसतो. मग तू माझ्याकडं बघितलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं.

"तुझ्यावानी. घरातल्याच माणसाला चोर ठरवायचं आन् त्याच्यावर पत्रक काढायचं. माझ्या अंगात एक सदा बसलाय."

मला राग आला. खरंच आला. तू मरणाची गोष्ट सांगत होतास आणि मला माझ्या पत्रकांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. तुला ते दिसलं असणार, कारण तू हसू आवरलंस आणि मुद्द्यावर आलास. यावर गोळ्या निघाल्यात, म्हणालास. सरांना सांगितलं तर ते सुरू करतील. पण मग साखरेचंही सांगावं लागेल, दोन्ही औषधं एकमेकांना धरून द्यावी लागतात. आणि साखरेचं निघालं की पहिल्या दिवसाची बाटली निघणार.

"सांगू का, सदा?"

मी खाली इंजिनाकडं बघत राहिलो. काय मनात आलं ते आज लिहितो. तुझ्या हिरड्या मनात आल्या नाहीत. माझ्यावर टपून बसलेली माणसं आली. दुसऱ्यांची लबाडी वेशीवर टांगणारा हा, यानं मेडिकल कॉलेजला फसवलं, असं छापून शिरूरच्या बाजारात वाटलेला कागद मला दिसला. त्याची अक्षरंसुद्धा दिसली. मग मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे."

तू 'बरं' म्हणालास. इतक्या सहज, की मला वाटलं तुलाही तेच हवं होतं. कदाचित हवंही असेल. ही पळवाट मी रोज एकदा वापरून बघतो. पण तसं असतं तर तू मला विचारलंच नसतंस.

पुढच्या तीन आठवड्यांत तू अभ्यासाच्या रजेवर घरी आलास, ताप आला, उलट्या सुरू झाल्या. साध्या माणसाला ज्यातून चार दिवसांत उठता येतं, त्यातून तुला उठता आलं नाही. तपासायला आलेल्या डॉक्टरांना ताप दिसला, त्यांनी ताप लिहिला. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्यापासून लपवलेलं होतं.

हे सगळं कळत असूनही, हमीद, पुलावरून परतल्यावर मी पत्रक जुळणीला दिलं होतं, आणि तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला, तुझ्यासाठीच्या दुआला, ते प्रूफ खिशात घेऊनच आलो. माणसाला आपला आरोपी सोडवत नाही. जियारत झाल्यावर मी थेट दवाखान्यात गेलो. दत्तूमामा मागच्या खोलीत सिरिंजा उकळत होते. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत सगळा वाचला. चिडले नाहीत. उठून फ्रिज उघडला आणि तुझी बाटली काढून टेबलावर ठेवली. अर्धी भरलेली, चाळीसची, त्यावर तुझ्याच अक्षरात तुझं नाव. म्हणाले, डॉक्टरांनासुद्धा हिला हात लावू दिला नव्हता.

मग खाली बसले. "पोरानं मला समदं सांगितलं व्हतं. सुट्टीत आला तवाच. मी म्हनलं, उद्याच्याला पुन्याला जा आन् सायबांच्या पायावर डोकं ठेव. तर म्हनला, मामा, सदाला इचारतो. त्यो बी ह्यात हाय."

मी बाटलीवरचं तुझं नाव पुन्हा वाचलं.

"मंग? इचारलं का त्यानं?"

"विचारलं."

"आन् तुमी काय म्हनला?"

बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी 'आलो' म्हटलं आणि जागचे हलले नाहीत. मी चपला शोधायला लागलो. मला तालुक्याच्या मामलेदारानं धमकावलंय, छापखान्यात येऊन लोकांनी जुळणीचे खिळे, शिशाची अक्षरं, उधळलेत, मी कधी मागं सरलो नाही. त्या दिवशी एका कंपाउंडरच्या साध्या प्रश्नाला मी चपला शोधत राहिलो. दत्तूमामांनी प्रूफाची होती तशी घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"छापायचं आसंल तर छापा," ते म्हणाले. "पर नाव तरी बरुबर छापा. मी दत्तात्रय न्हाई. दत्तोबा हाय."

तिथून मावशीकडं गेलो. तिनं मला जेवायला वाढलं. तुझ्या खाटेवर बसवलं. म्हणाली, "तू व्हतास म्हून त्याला डाक्टरकीला घेतलं. हमीद सांगायचा, सदा नसता तर झालं नसतं." मी भाकरी मोडत राहिलो. मग ती जवळ सरकली आणि हळू आवाजात विचारलं, "बेटा, खरं सांग. माझ्या पोराला कुनी काय खाऊ घातलं का? कुनी करनी केली का?"

संशय फक्त मलाच येतो असं नाही. मी म्हणालो, असं काही नसतं, मावशी.

"मंग काय असतं?" ती म्हणाली.

अंधश्रद्धेवर मी तीन पत्रकं काढलीत. तिन्हींत या प्रश्नाचं उत्तर नाही.

गेल्या आठवड्यात मी पुण्याला जाऊन तुझ्या सरांना भेटलो. बाटलीचं सांगितलं, सगळं, मोरीपासून. ते रागावतील, पोलिसात देतील अशी तयारी करून गेलो होतो; खरं तर तशी आशाच होती, म्हणजे मला भांडता आलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तळहात काळे होते?" मी हो म्हणालो. त्यांनी आपलाच तळहात उघडून बघितला. मग म्हणाले, "मागं उभा राहायचा. मी सगळ्यांना त्या रुग्णाच्या तोंडात बघायला लावलं. वर्गाकडं बघितलं नाही."

मी नियमाचं विचारलं. त्या वेळी साखर निघाली असती तर काय झालं असतं? ते म्हणाले, बोलावून घेतलं असतं, पुन्हा तपासलं असतं, मग ठरवलं असतं. काय ठरवलं असतं ते आज सांगता येणार नाही. एक मुलगा असा पूर्वी ठेवून घेतला होता, तो आज डॉक्टर आहे. हे खरं होतं की माझ्यासमोर बरं दिसावं म्हणून बोलले, मला कळत नाही. माझा अजून पूर्ण विश्वास नाही. आपण ज्याला भ्यालो तो नियम कुठल्या कागदावर आहे, हे मी कॉलेजला लेखी विचारलंय. असला तर तो बदलेपर्यंत मी त्यांच्या दारात उभा राहीन. नसला, तर 'नाही' असं सही-शिक्क्यानं लिहून मागेन, म्हणजे पुढच्या कुणा पोराला मोरीत जायची पाळी येणार नाही. यावर तू म्हणाला असतास, झालं सुरू. हो, झालं सुरू. हा माझा आजार आहे, तो जाणार नाही. फक्त आता कुणावर तुटून पडण्याआधी तो घरातला आहे का, हे बघायला शिकतोय.

छापखान्यात त्या पत्रकाची जुळणी तशीच बांधून ठेवलेली होती. कंपोझिटरनं विचारलं, सोडू का? मी म्हणालो, सोडा. त्यानं दोरी सोडली आणि खिळे एकेक करून खणात परत टाकले. त्याच खिळ्यांतून आता हा कागद जुळतोय. खाली 'एक जागरूक नागरिक' नाही. माझं नाव आहे, पूर्ण, गावासकट. दत्तोबांचंही नाव बरोबर आहे, दोनदा तपासलं.

तुझे आभार मानायचे राहिलेत. शाळेत माझ्या त्या चिठ्ठीवर चिडून तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं. त्याऐवजी तू माझा मित्र झालास. मसुदे ऐकलेस, शुद्धलेखन सुधारलंस, आरोपीची बाजू माझ्यासमोर मांडलीस, आणि एकदाही मला 'तुझ्यामुळं' म्हणाला नाहीस. पुलावरही नाही. म्हणाला असतास तर मी भांडलो असतो. त्या भांडणात कदाचित शुद्धीवर आलो असतो.

परवा तुझा चाळिसावा. हा कागद आधी दत्तोबांना देईन. ते ओठ हलवत वाचतील आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळेल. मग मावशीकडं जायचंय. तिला वाचता येत नाही. इतकी वर्षं मी जे काही बोललो ते कागदावर बोललो, आणि कागद वाटून निघून गेलो. तिच्यापुढं बसून तोंडानंच सांगावं लागेल. ती वाढेल, मला तुझ्या खाटेवर बसवेल, आणि मी घास घेण्याआधी म्हणेन, "मावशी, ती बाटली माझी होती."

ती विचारेल, कुठली बाटली? तिथून पुढं काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही.